शाळेचे बोलावणे आणि घराचा जबाब

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील कटगुण हे ज्यांचे मूळ गाव, त्या फुले घराण्यातील गोविंदरावांनी पुण्यास आपल्या मुलाचे नाव शाळेतून काढले आणि त्याला मळ्यात कामास लावले. मुलाच्या बुद्धीविषयी त्यांच्या मनात काही किंतु होता असे नाही; शिकलेला मुलगा शेतीच्या कामाचा राहत नाही, ही गोष्ट त्यांच्या पदरच्या एका कारकुनाने त्यांच्या मनावर पुरेपूर बिंबवली होती इतकेच. पुढे गफ्फार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब या दोघा शेजाऱ्यांनी त्या मुलाची ज्ञानाची ओढ पाहून बापाची समजूत घातली आणि १८४१ साली जोतीराव पुन्हा शाळेत जाऊ लागले. ही हकिकत आपण एका थोर पुरुषाच्या चरित्राचा आरंभ म्हणून वाचतो. एकदा ती एखाद्या साध्या पालकाची कैफियत म्हणूनही वाचून पाहावी. तिच्यात कारकून आहे, शेजारी आहेत, बाप आहे, मुलगा आहे. दिसत नाही ती फक्त शाळा. पटावरचे एक नाव कमी झाले असता जिने सर्वांआधी दारात जावयाचे, ती त्या हकिकतीत कोठे बोलतच नाही, आणि कोणाचा शब्द बापाच्या कानी पडतो यावर एका मुलाचे पुढचे सारे आयुष्य टांगून राहते.

त्याला आता पावणेदोनशेहून अधिक वर्षे लोटली. शाळा गावोगाव झाल्या, त्यांच्या इमारती पक्क्या झाल्या, शिक्षणाचा हक्क कायद्याच्या पुस्तकात चढला. तरीही शाळा आणि घर यांच्यामधली वाट कारकून आणि शेजारी यांच्या भरवशावर सोडण्याची रीत आपण मोडली आहे असे मला वाटत नाही. शाळेविषयी पालकाला जे कळते ते अजूनही बहुधा पारावर, दूध डेअरीच्या रांगेत किंवा एसटीच्या थांब्यावर कळते; आणि घराविषयी शाळेला जे कळते ते तर मुलाच्या मळक्या गणवेशावरून बांधलेल्या अंदाजापलीकडे क्वचितच जाते.

आमच्या लहानपणी ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ एवढे चार शब्द गुरुजींनी उच्चारले की घरात त्या रात्री भाकरी गोड लागत नसे. दुसऱ्या दिवशी वडील धुवट सदरा अंगात घालून, टोपी सारखी करून, शाळेच्या व्हरांड्याबाहेर चपला काढून उभे राहिले, तेव्हा त्यांची मुद्रा फेरफाराच्या तक्रारीत चावडीवर तारीख पडलेल्या कुळासारखी दिसत होती हे मला आजही स्वच्छ आठवते. हेडमास्तर खुर्चीवर बसलेले, वडील उभे, आणि मी त्या दोघांच्या मधोमध मुद्देमालासारखा. तक्रार सांगून झाली, वडिलांनी मान डोलावली, आणि प्रकरण निकाली निघाले. त्यांनी काही विचारले नाही आणि त्यांनाही कोणी काही विचारले नाही. वास्तविक त्या महिन्यात माझी आई आजारी होती आणि सकाळचे पाणी मी भरत होतो, म्हणून शाळेला उशीर होत होता; परंतु हा खुलासा सादर करण्यास त्या सभेत जागाच नव्हती.

आज खुर्च्या मांडल्या जातात, कोठे कोठे चहाही येतो. काहीच बदलले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण बोलावण्याचे प्रयोजन अद्याप पुष्कळ ठिकाणी तेच दोन, एक तक्रार आणि दुसरे वर्गणी. यांखेरीज जे काही शाळेला सांगावयाचे असते ते आता पालकांच्या खिशातील फोनवर येऊन पडते. आधारची प्रत जोडावी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी पासबुकाच्या पहिल्या पानाची छायाप्रत द्यावी, गणवेशाचे माप उद्यापर्यंत कळवावे, अमुक तारखेस सभा आहे, सर्वांनी उपस्थित राहावे. अनेक व्हॉट्सॲप समूहांची योजनाच अशी असते की त्यात लिहावयाचे ते फक्त शिक्षकांनी. पालकांनी वाचावयाचे, आणि जेथे लिहिण्याची मुभा असेल तेथे हात जोडल्याचे चित्र पाठवून मोकळे व्हावयाचे. पूर्वी दवंडी पिटवली जाई, तिला निदान कोणी चौकात अडवून विचारू शके की बाबा, हा हुकूम कसला आहे! असल्या दळणवळणाला निरोप म्हणावे, जास्तीत जास्त फर्मान म्हणावे. संवाद हा शब्द तरी त्यासाठी खर्ची घालू नये. ज्या बोलण्यातून शाळेला घराकडून असे काही कळते की जे तिला आधी ठाऊक नव्हते, तेवढ्यालाच मी संवाद म्हणेन, आणि या कसोटीवर आपल्या बहुतेक पालकसभा उतरणार नाहीत अशी माझी समजूत आहे.

वास्तविक सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा विषय परका वाटावयाचे काही कारण नाही. मुळात हा एकच मुलूख. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा निराळा काढला गेला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. महसूल खात्यात नोकरी करणाऱ्या पायगोंडा पाटलांचे चिरंजीव भाऊराव याच मुलखात वाढले, वारणाकाठच्या दूधगावात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पहिला आश्रम उभारण्यात भाग घेतला, कऱ्हाडजवळच्या काले गावी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली, आणि १९२४ साली ती सातारला आणली. ‘रयत’ हा कुळकर्ण्याच्या दप्तरातला शब्द, जिच्याकडून वसूल घ्यावयाचा ती. तो शब्द उचलून त्यांनी शिक्षणसंस्थेच्या कपाळी लावला, यातच एक मोठा विचार सामावला होता असे मला नेहमी वाटत आले आहे. सातारच्या वसतिगृहाला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले, मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, या गोष्टी शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. पण मला त्या सर्व इतिहासात अधिक मोलाची वाटते ती मुष्टिफंडाची व्यवस्था.

घरटी मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहातील मुलांसाठी गोळा करावे, इतकी साधी ती रीत. तिचा हिशेब धान्यात मांडला तर फारसा मोठा भरणार नाही. परंतु जी बाई जात्यावर बसण्यापूर्वी सुपातून एक मूठ बाजूला काढते, तिच्या मनात त्या क्षणी शाळा नावाची संस्था घरातील आणखी एका खाणाऱ्या तोंडाइतकी सजीव होते. आणि आपण ज्याला जेवू घालतो त्याची विचारपूस करण्याचा अधिकार आपल्याकडे कोणी कोणाला निराळा द्यावा लागत नाही. अनवाणी पायांनी गावोगाव हिंडणारा तो धिप्पाड दाढीवाला पुरुष दारात येऊन मुले मागत असे आणि धान्यही मागत असे. आणि जो मागावयास येतो त्याला दारातील माणसाचे ऐकून घ्यावेच लागते. मागणाऱ्याची ती पायरी शाळेने सोडली, ती बोलावणाऱ्याच्या पायरीवर जाऊन बसली, आणि तेथून तिला घर दिसेनासे झाले. (कोणी यावरून असा अर्थ काढू नये की आज प्रवेशाच्या वेळी घेतली जाणारी ‘ऐच्छिक देणगी’ ही मुष्टिफंडाची वारस आहे. त्या देणगीची पावती मिळाली तरी पुष्कळ झाले.)

कायद्याने या बाबतीत कसूर केलेली नाही, उलट आपल्याला वाटते त्याहून तो अधिक उदार आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ सालचा अधिनियम १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या एकविसाव्या कलमाने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमण्याचे बंधन घातले, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे ठरवून दिले. चोविसावे कलम तर याहून पुढे जाऊन पालकांच्या नियमित भेटी घेणे आणि मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याची प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य म्हणून नोंदवते. विनाअनुदानित शाळांसाठी राज्याच्या २०११ सालच्या शुल्क अधिनियमात पालक-शिक्षक संघाची योजना आहे. म्हणजे दस्तऐवज पाहिला तर शाळेच्या सदरेवर पालकच बहुसंख्य! प्रत्यक्षात इतिवृत्ताची वही घेऊन शाळेचा शिपाई घरोघर सह्या गोळा करताना मी पाहिला आहे, आणि एका सदस्य बाईंच्या वतीने त्यांचे यजमान ‘मीच येत असतो’ असे अभिमानाने सांगतानाही ऐकले आहे. ठराव मंजूर, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, अध्यक्षांचे आभार, सभा बरखास्त.

याला शाळेचा आळस एवढेच कारण नाही. शाळेच्या पायरीविषयीचे एक जुने भय आपल्या समाजाच्या मोठ्या भागाच्या हाडांत मुरलेले आहे, आणि ते अकारण मुरलेले नाही. सातारच्या जुन्या राजवाड्यातील त्या वेळच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी भिवा रामजी आंबेडकर या नावाने एका मुलाची नोंद झाली. रजिस्टरातील तो १९१४ हा अनुक्रमांक पाहावयास आज लोक दुरून जातात आणि २०१७ पासून राज्य शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. त्या मुलाला वर्गात इतरांपासून निराळे बसावे लागे. त्याचे वडील सुभेदार रामजी हे मात्र लष्करातील शाळेत स्वतः शिकवलेले गृहस्थ, मुलाच्या अभ्यासावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारे. शाळेच्या दाराशी ताठ मानेने उभे राहण्याचे हे बळ त्या काळी किती बापांजवळ असेल? ज्यांच्याजवळ ते नव्हते त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या शाळांत आहेत, आणि ‘पालक सभेला येतच नाहीत’ ही शिक्षकांची तक्रार ज्यांच्याविषयी असते त्यांत त्यांचा भरणा मोठा आहे. न येणे म्हणजे अनास्था, हा निष्कर्ष फार घाईचा.

शिवाय पालक कोण, हाच प्रश्न या दोन जिल्ह्यांत वाटतो तितका सरळ नाही. विटा, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, आणि तिकडे खटाव-माण या कोरड्या टापूतील माणसे दुष्काळाला कंटाळून सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात पडली, आणि केरळ-तामिळनाडूपासून दिल्ली-उत्तर प्रदेशापर्यंतच्या सराफकट्ट्यांच्या गल्ल्यांत भट्टी पेटवून बसली. त्या धंद्याने गावात टोलेजंग घरे उभी केली, देवळांना कळस चढवले. आणि पुष्कळ घरांत मुलाचा अभ्यास घेण्यास मागे ठेवली ती आजी. जावळी-पाटणकडचे पुरुष मुंबईच्या बाजारात माथाडी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ओझी वाहत आले, तेथेही घरचा कारभार हाच. दिवाळी सरली की कृष्णाकाठच्या फडांत बीड आणि इतर दुष्काळी भागांतून टोळ्या उतरतात. नवरा-बायकोची जोडी मिळून ज्यांना ‘कोयता’ या एका शब्दात मोजतात, त्यांच्या पोरांचा दाखला एका जिल्ह्यात आणि पोरे दुसऱ्याच जिल्ह्यात. आणि जतच्या पूर्वभागात तर निरोपाची भाषा कोणती असावी येथूनच प्रारंभ करावा लागतो, कारण तेथे जिल्हा परिषदेच्या शाळाही कानडीत चालतात आणि मराठी शाळेत मुलगी घालणाऱ्या कित्येक घरांत आई कानडीतच रागावते. अशा मुलखात ‘पालकांची सही’ असे छापलेल्या चौकोनात सही कोणी करावी? कोइमतूरला भट्टीपुढे बसलेल्या बापाने, की चुलीपुढे बसलेल्या आजीने, जी अंगठा उठवील पण मजकूर वाचू शकणार नाही?

शाळा आणि गाव खरोखर बोलू लागले तर काय होते, याचे एक अलीकडचे उदाहरण सांगली जिल्ह्यानेच दिले आहे. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. करोनाच्या काळात फोन हीच शाळा झाली होती. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा मुलांचे हात पेन धरावयास आणि डोळे पुस्तकावर ठरावयास तयार होईनात, अशी अडचण शिक्षकांनी गावापुढे मांडली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की ती एकेका बापाला बोलावून त्याच्या पोराविरुद्धची तक्रार म्हणून मांडली गेली नाही, सर्वांची अडचण म्हणून मांडली गेली. सरपंच विजय मोहिते यांनी ती मनावर घेतली, ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी गावसभेत निर्णय झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून सायंकाळी सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरदर्शन संच आणि फोन बंद होऊ लागले, ते साडेआठचा भोंगा होईपर्यंत. मुलांनी पुस्तक उघडावयाचे आणि मोठ्यांनी मालिका मिटावयाची. सुरुवातीस माणसे घरोघर फिरून पाहत असत, समजावीत असत.

या भोंग्याची वर्तमानपत्रांत पुष्कळ वाखाणणी झाली, आणि मग जे होते ते झाले. भोंगा तेवढा पुढे आला. माझ्या मते त्यातील बी भोंग्याच्या आधीचे आहे. शिक्षकाने ‘आम्हांला जमत नाही, तुमची मदत हवी’ असे म्हटले, म्हणजे तो क्षणभर मागणाऱ्याच्या पायरीवर आला. आणि मोठ्या माणसांनी मुलांना शिस्त लावताना स्वतःच्या करमणुकीवरही दीड तासाची जप्ती आणली. ज्या गावात हे दोन्ही होणार नाही तेथे कितीही मोठा कर्णा बसवला तरी कुत्री तेवढी भुंकतील.

पालकांच्या बाजूने बोलता बोलता त्यांचे वकीलपत्रच घेतल्यासारखे होऊ नये म्हणून इतके सांगितले पाहिजे, की शहरांतून आणि आता मोठ्या गावांतूनही एक निराळा पालकवर्ग उदयास आला आहे, जो फी भरतो म्हणून शिक्षकाला दुकानातील नोकर समजतो, रात्री अकरा वाजता गणितातील अर्ध्या गुणाचा जाब विचारतो, आणि मुलाच्या देखत बाईंचा पाणउतारा करतो. त्याच्याशी संवाद कसा साधावा याचे उत्तर मजजवळ नाही. सायंकाळनंतर शिक्षकांनी फोन उचलू नये एवढेच मी म्हणेन. आणि सरकारी शाळेतील शिक्षकाच्या वेळेचे काय? शिक्षणहक्काच्या त्याच अधिनियमाचे सत्ताविसावे कलम त्याला अशैक्षणिक कामापासून अभय देते, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक हे तीन अपवाद ठेवूनच. या अपवादांच्या दारातून आणि माहिती भरण्याच्या खिडकीतून त्याचा दिवस इतका निसटतो की मुलाच्या घरापर्यंत चालत जाण्याचे त्राण त्याच्यात उरत नाही. तेव्हा नवा उपक्रम, नवी समिती, नवे नोंदपुस्तक यांपैकी काहीही मला सुचवावयाचे नाही. जूनमध्ये शाळा भरल्यावर, कोणतीही तक्रार जन्मास येण्यापूर्वी, वर्गातील प्रत्येक मुलाच्या घरी जो कोणी त्याचा खरा सांभाळकर्ता असेल त्याच्याशी एकदा, त्याच्या भाषेत, दहा मिनिटे बोलावे, आणि त्या दहा मिनिटांत शिक्षकाने सांगावे कमी व विचारावे अधिक, इतकीच माझी मागणी आहे. चोविसाव्या कलमातही वेगळे काही नाही.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातील एका लहान शाळेच्या पालकसभेस जाण्याचा योग आला. पाचवीतल्या एका मुलाची आजी भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती. मुलाचे आईबाप गलाईच्या दुकानावर दूर दक्षिणेत. मुलाला दशांश अपूर्णांक मुळीच येत नाहीत, गृहपाठ कोरा असतो, हे तिला सांगून झाले आणि तिनेही नेहमीप्रमाणे मान डोलावली. वहीवर अंगठा उठवण्यासाठी ती शाईच्या डबीकडे सरकली, तेव्हा नव्यानेच बदलून आलेल्या एका तरुण बाईंनी सहज विचारले, “आजी, घरी काय करतो हो तो संध्याकाळी?”

“काय करणार? डेअरीला दूध घालून येतो,” म्हातारी म्हणाली. “मागनं हिशेब मांडत बसतो. फॅट किती लागली, दर काय बसला, दहा दिसाचं बिल किती यायला पायजे, समदं त्योच लिवतो. मागच्या बिलात गवळ्यानं बारा रुपये कमी धरलं हुतं, त्येनंच काढलं हुडकून. मला कुठं येतंय त्यातलं?”

वर्गात कोणी काही बोलले नाही. दुधाची फॅट चार पूर्णांक दोन, कधी तीन पूर्णांक आठ अशीच लागत असते. बाईंनी हातातली शाईची डबी मिटली आणि म्हणाल्या, “आजी, ती हिशेबाची वही उद्या त्याच्याबरोबर शाळेत पाठवता का? मला बघायची आहे.”